गुणफलकात न मावणारा बचाव: बेन वॉलेसची कारकीर्द

नमस्कार. आज आपण एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील अशा एका खेळाडूची कारकीर्द समजून घेणार आहोत, ज्याने नियमित मोसमाच्या 1,088 सामन्यांत 6,254 गुण केले आणि 10,482 रिबाउंड घेतले, म्हणजे नेम चुकून परत आलेला चेंडू इतक्या वेळा ताब्यात घेतला. गुणांपेक्षा रिबाउंड चार हजारांहून अधिक! सामन्यामागे सरासरी सहा गुणही नाहीत, आणि तरीही सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार त्याला चार वेळा मिळाला, त्याच्या संघाने अजिंक्यपद जिंकले आणि 2021 मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. त्याचे नाव बेन वॉलेस.

हा विषय निवडण्याचे कारण इथलेच आहे. सांगली, मिरज, इस्लामपूर, विटा, कुठल्याही मैदानावर शालेय सामना संपला की मुलाला पहिला प्रश्न विचारला जातो तो, ‘तू किती पॉइंट केलेस?’ ज्या मुलाने समोरच्या संघाच्या सर्वांत चांगल्या खेळाडूला चाळीस मिनिटे रोखून धरले, त्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर नसते. आपल्या भागात कबड्डी घरोघरी समजते आणि कबड्डीत पकड यशस्वी झाली की बचाव करणाऱ्या संघाला तत्काळ गुण मिळतो, त्यामुळे चांगल्या कोपरारक्षकाचे नाव गावभर होते. बास्केटबॉलमध्ये मात्र बचावाला गुण नाही. जे घडू दिले नाही, त्याची नोंद गुणफलकावर होत नाही, आणि म्हणूनच वॉलेसची कारकीर्द पाहताना चेंडूवरची नजर थोडी बाजूला न्यावी लागते.

वॉलेसचा जन्म 1974 चा, अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या व्हाइट हॉल या लहानशा गावातला. अकरा भावंडांत तो दहावा. शाळेत असताना चार्ल्स ओकली या एनबीए खेळाडूच्या प्रशिक्षण शिबिरात जाण्यासाठी 50 डॉलर हवे होते आणि ते त्याने लोकांचे केस कापून मिळवले. ओकली हा स्वतः धसमुसळ्या, झुंजार बचावासाठी ओळखला जाणारा खेळाडू होता. शिबिरात त्याने या मुलाशी समोरासमोर खेळून त्याला रेटले, ढकलले, आणि मुलगा मागे हटत नाही हे पाहून त्याला लक्षात ठेवले. पुढे क्लीव्हलँडमधील एका कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे खेळल्यावर ओकलीच्याच शिफारशीने वॉलेस त्याच्या जुन्या कॉलेजात, व्हर्जिनिया युनियनमध्ये दाखल झाला. हे कॉलेज दुसऱ्या श्रेणीत खेळणारे होते, जिथे एनबीएच्या निवडकर्त्यांचे लक्ष क्वचितच जाते.

1996 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नव्या खेळाडूंची निवड करतात त्या प्रक्रियेत, 58 खेळाडू निवडले गेले. वॉलेस त्यांत नव्हता. अधिकृत नोंदीत त्याची उंची 6 फूट 9 इंच दाखवली जात असे, पण ती प्रत्यक्षात कमी असल्याचे त्याने स्वतःच नंतर सांगितले आहे. रिंगखाली खेळणाऱ्या सेंटरसाठी ही उंची अपुरी, आणि लांबून चेंडू टाकण्याचे कौशल्य त्याच्याकडे नाही, असा निवडकर्त्यांपुढचा पेच होता. बोस्टनने उन्हाळी लीगमध्ये त्याला बाहेरच्या बाजूला गार्ड म्हणून खेळवून पाहिले आणि सोडून दिले. अखेर वॉशिंग्टनने त्याला संघात घेतले. तिथे तीन वर्षे, मग ऑर्लँडोमध्ये एक वर्ष, अशी त्याची उमेदवारी झाली.

2000 च्या ऑगस्टमध्ये एक व्यवहार झाला, ज्याची चर्चा वॉलेसमुळे झालीच नव्हती. डेट्रॉइट पिस्टन्सचा तारांकित खेळाडू ग्रँट हिल ऑर्लँडोला जाण्यास निघाला होता आणि त्या बदल्यात डेट्रॉइटला चकी ॲटकिन्स व बेन वॉलेस मिळाले. डेट्रॉइटचे हातचे सोने गेले, असे त्या वेळी बहुतेकांचे मत होते. हिलचा घोटा दुखावला आणि पुढच्या चार मोसमांत तो एकूण 47 सामनेच खेळू शकला, हे त्याचे दुर्दैव. डेट्रॉइटला मात्र आपल्या संघाचा पाया सापडला होता.

(पडद्यावर अर्ध्या मैदानाची आकृती)

आता बचावाच्या तंत्राकडे येऊ, कारण खरा विषय हाच आहे. 2001-02 च्या मोसमात एनबीएने नियम बदलले. तोपर्यंत झोन बचावाला, म्हणजे खेळाडूऐवजी जागा सांभाळण्याला, मनाई होती. ती उठवली गेली, पण त्याबरोबर एक अट आली: ज्याच्या हाताच्या अंतरावर प्रतिस्पर्धी नाही, अशा बचावपटूने रिंगपुढच्या रंगवलेल्या पट्ट्यात सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचे नाही. म्हणजे रिंगचे रक्षण तर करायचे, पण तिथे ठाण मांडून बसायचे नाही. आत यायचे, बाहेर पाऊल टाकायचे, पुन्हा आत यायचे, आणि चेंडू ज्या क्षणी आत येईल नेमका त्याच क्षणी तिथे हजर असायचे. ही कसरत उंच पण जड सेंटरना अवघड गेली. वॉलेसचे पाय गार्डसारखे चपळ होते आणि खांदे सेंटरसारखे रुंद, त्यामुळे जी शरीरयष्टी ड्राफ्टच्या वेळी उणीव ठरली होती, तीच आता उपयोगी पडली. त्या मोसमात तो रिबाउंड आणि ब्लॉक (प्रतिस्पर्ध्याने टाकलेला चेंडू हवेतच अडवणे) या दोन्हींत संपूर्ण लीगमध्ये पहिला आला: सामन्यामागे 13 रिबाउंड आणि साडेतीनच्या आसपास ब्लॉक. सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार त्यालाच मिळाला. आदल्या वर्षी 32 सामने जिंकणारा डेट्रॉइटचा संघ त्या वर्षी 50 सामने जिंकला.

इथे आपल्या खेळाडूंसाठी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या, नियमांत बचावपटूवर तीन सेकंदांचे हे बंधन नाही. ते फक्त आक्रमण करणाऱ्यावर आहे. आपल्याकडे फिबाच्या नियमांनुसार सामने होतात, तिथे उंच मुलाला रिंगखाली उभे करून ठेवणे वैध आहे, आणि म्हणूनच पावलांच्या हालचालीचा सराव आपोआप मागे पडतो. वॉलेसच्या चित्रफिती पाहताना त्याची उडी सगळ्यांच्या नजरेत भरते. माझी विनंती अशी की उडीच्या आधीची दोन पावले पाहावीत. चेंडू दुसऱ्या बाजूला असतानाच तो एक पाऊल पट्ट्याकडे सरकलेला असतो. त्या पावलामुळे ब्लॉक शक्य होतो, आणि पुष्कळदा ब्लॉकची गरजच पडत नाही, कारण आत घुसणारा खेळाडू त्याला पाहून चेंडू परत बाहेर देतो. या परत गेलेल्या चेंडूची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही.

रिबाउंडचेही तसेच आहे. समोरच्या संघाचा नेम चुकला, तरी चेंडू त्यांच्याच हाती परत गेला तर आधीचा सगळा बचाव वाया जातो. त्यामुळे बचाव पूर्ण होतो तो रिबाउंड हाती आल्यावरच. यासाठी जे करावे लागते त्याला मैदानावर सगळे बॉक्स आउट म्हणतात: चेंडू रिंगकडे निघाला की त्याच्याकडे पाहत न राहता आपल्या माणसाकडे वळायचे, त्याच्या शरीराला आपली पाठ भिडवायची, गुडघे वाकवून कंबर खाली ठेवायची, आणि मग चेंडूकडे जायचे. आपल्यापेक्षा अर्धा फूट उंच असलेल्या माणसाचे गुरुत्वमध्य आपल्यापेक्षा वर असते, त्यामुळे जो खाली बसतो त्याला हलवणे कठीण जाते. 2002-03 मध्ये वॉलेसने सामन्यामागे 15.4 रिबाउंड घेतले, आणि तेही त्याच्याहून उंच सेंटरांच्या गर्दीतून. उंची कमी म्हणून रिंगखाली खेळता येत नाही, असे मानणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाने हा आकडा लिहून ठेवावा.

2003-04 चा मोसम हा या कारकिर्दीचा कळस. प्रशिक्षक लॅरी ब्राऊन होते, गार्डच्या जागी चॉन्सी बिलप्स आणि रिचर्ड हॅमिल्टन, लांब हातांचा टेशॉन प्रिन्स, आणि फेब्रुवारीत रशीद वॉलेस येऊन मिळाला, जो आडनावाने सारखा पण नात्याने कोणी नव्हे. या संघाने प्रतिस्पर्ध्यांना सामन्यामागे सुमारे 84 गुणांवर रोखले. अंतिम फेरीत समोर लॉस एंजेलिस लेकर्स होते: शकील ओनील, कोबी ब्रायंट, कार्ल मलोन, गॅरी पेटन. डेट्रॉइटला जवळजवळ कोणीही संधी दिली नव्हती.

ओनील 7 फूट 1 इंच उंच आणि वजनाने वॉलेसपेक्षा कितीतरी भारी होता. इतर संघ त्याला रोखायला दोन-दोन, तीन-तीन खेळाडू पाठवत आणि मग मोकळे सुटलेले नेमबाज त्यांना शिक्षा करत. डेट्रॉइटने उलटे केले. ओनीलसमोर बहुतेक वेळ एकटा बचावपटू ठेवला, बऱ्याचदा बेन वॉलेस, आणि बाकीचे चौघे आपापल्या माणसाला चिकटून राहिले. पहिल्या सामन्यात ओनीलने 34 गुण केले, ब्रायंटने 25, आणि तरीही लेकर्सची एकूण संख्या 75 वरच थांबली, कारण उरलेल्या सर्वांना मिळून 16 गुण करता आले. डेट्रॉइटने तो सामना 87-75 असा जिंकला. वॉलेसच्या डोक्यावरून 34 गुण झाले, असे गुणफलक सांगतो. पण त्याने एकट्याने तो भार पेलला म्हणून इतर चौघांना आपली जागा सोडावी लागली नाही, हे संपूर्ण सामना पाहिल्याशिवाय समजत नाही. तिसऱ्या सामन्यात लेकर्स 68 गुणांवर अडकले. पाचव्या आणि शेवटच्या सामन्यात वॉलेसने 18 गुण आणि 22 रिबाउंड घेतले, आणि डेट्रॉइटने मालिका 4-1 अशी जिंकली. मलोन गुडघ्याच्या दुखापतीने जायबंदी झाला होता आणि शेवटचा सामना खेळू शकला नाही, हेही सांगणे न्यायाचे आहे, पण पहिल्या सामन्यातला डाव त्यावर अवलंबून नव्हता.

एक विसंगती मला नेहमी विचारात पाडते. वॉलेसला सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार 2002, 2003, 2005 आणि 2006 मध्ये मिळाला. ज्या वर्षी त्याचा संघ बचावाच्या जोरावर अजिंक्य ठरला, नेमक्या त्या वर्षी तो पुरस्कार इंडियानाच्या रॉन आर्टेस्टला गेला. हे मतदान नियमित मोसमावर होते आणि आर्टेस्ट उत्तम बचावपटू होता, त्यामुळे अन्याय झाला असे मी म्हणणार नाही. तरी सुमारे दोन महिन्यांच्या बाद फेरीत जे दिसते, ते पुरस्कारांच्या यादीत उतरत नाही.

आक्रमणातली त्याची उणीव झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्याची फ्री थ्रोची कारकिर्दीतील टक्केवारी 41.4 होती, म्हणजे कोणीही अडवत नसताना, शांतपणे उभे राहून टाकलेल्या दहा चेंडूंपैकी सहा चुकत. चुरशीच्या शेवटच्या मिनिटांत प्रतिस्पर्धी मुद्दाम त्याच्यावरच फाउल करत. तरीही प्रशिक्षक त्याला मैदानावर ठेवत, आणि तो समोरच्या संघाचे किती गुण वाचवतो याचा अंदाज त्यांच्या त्या निर्णयावरून येतो. डेट्रॉइटच्या प्रेक्षकांनाही हे कळले होते. त्याच्या ब्लॉकनंतर मैदानात घंटानाद होई आणि त्याच्यासारख्या केसांचे टोप घालून लोक येत. बचावपटूसाठी असा जल्लोष फार थोड्या ठिकाणी झाला असेल.

2006 मध्ये तो चार वर्षांच्या, सुमारे 6 कोटी डॉलरच्या करारावर शिकागोला गेला. तिथला त्याचा काळ फिका ठरला. वय तिशीपलीकडे गेले होते, आणि बचाव हा पाच जणांनी मिळून करायचा असतो, त्या चौघांशिवाय त्याच्या पावलांना तोच अर्थ उरला नाही, असे माझे मत आहे. पुढे क्लीव्हलँड, आणि 2009 मध्ये पुन्हा डेट्रॉइट. 2012 मध्ये तो थांबला. 2016 मध्ये पिस्टन्सने त्याचा 3 क्रमांक निवृत्त केला, म्हणजे तो पुढे कोणाला न देता त्याच्या सन्मानार्थ राखून ठेवला. आधुनिक काळात ड्राफ्टमध्ये निवड न होता हॉल ऑफ फेममध्ये पोहोचलेला तो पहिला खेळाडू.

एनबीएने ब्लॉक आणि चेंडू हिसकावण्याच्या अधिकृत नोंदी 1973-74 पासून ठेवायला सुरुवात केली. त्यामुळे त्याआधी खेळलेल्या बिल रसेलसारख्या महान बचावपटूने किती ब्लॉक केले याचा अधिकृत आकडा उपलब्ध नाही. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, 2016 च्या बाद फेरीपासून, बोटाने वळवलेले पास आणि हात उंचावून अडचणीत आणलेले नेम मोजून प्रसिद्ध होऊ लागले. वॉलेस तोवर निवृत्त झाला होता.

हे काम आपल्याकडे यंत्रांशिवाय करता येते. राखीव खेळाडूंपैकी एकाला वही द्यावी आणि चार रकाने आखावेत: बॉक्स आउट केले का, नेमासमोर हात उंचावला का, पास वळवला का, मदतीला वेळेवर पाऊल टाकले का. पहिल्या काही सामन्यांत नोंदी चुकतील, वादही होतील, पण मुले मध्यंतरात वहीत आपले नाव शोधू लागतील, आणि वही धरणाऱ्या मुलाला बाकावर बसूनच खेळ अधिक नीट दिसू लागेल. जिल्हास्तरीय निवड चाचणीत ही वही प्रशिक्षकांनी गुणपत्रिकेइतक्याच गांभीर्याने पाहावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.