कुरडईचा चीक शिजला की नाही, आणि मे महिन्याचा आमचा शेवटचा आठवडा

नमस्कार मंडळी! कशा आहात सगळ्या?

आजच्या व्हिडिओचं कारण तुम्हीच आहात. वाळवणाचा तो छोटा व्हिडिओ टाकला आणि खाली सगळ्यांनी एकच धोशा लावला, ताई सविस्तर सांगा, ताई सविस्तर सांगा. निम्म्या जणींना कुरडई हवीये. निम्म्या जणींना मागे जी पोरांची पळापळ चालली होती ती बघायचीये. एका ताईंनी तर लिहिलंय, "रेसिपी नको, फक्त तुमचा आठवडा सांगा, मला माझं माहेर आठवतं." ती कमेंट मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "मग दोन्ही सांग. आमच्याकडे ते वेगळं कुठंय?" आणि ते खरंच आहे. मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्याकडे कुरडईचा आठवडा.

तर आम्ही सिन्नरचे. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि आमची मुलं. मे सरत आला की दोन्ही नणंदा आपापली पोरं घेऊन येतात. रात्री गच्चीवर गाद्या घातल्या की पाय ठेवायला जागा नसते. पत्त्यांत मेंढीकोटाचा डाव, त्यावरून भांडणं, दुपारी आमरस. सासरे आंबे स्वतः बादलीत भिजत घालतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. आणि या सगळ्यात कोपऱ्यात एका पातेल्यात गहू भिजत पडलेला.

आता सुरुवातीचं भरभर सांगते, कारण हे बहुतेकींना माहीतच आहे. गहू निवडून धुवायचा, तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी पाणी घालून वाटायचा, पाण्यात पिळून पिळून चीक काढायचा, गाळायचा, रात्रभर झाकून ठेवायचा. सकाळी वरचं पाणी अलगद ओतून द्यायचं, खाली घट्ट पांढरा चीक राहतो. झालं. गहू कुठला, हे खूप जणी विचारतात. आम्ही लोकवन घेतो. गुजरातेत सणोसरा म्हणून गाव आहे, तिथल्या लोकभारती संस्थेनं काढलेलं हे वाण. लोक-१ त्याचं मूळ नाव, बाजारात त्याचं लोकवन झालं.

पाणी मात्र रोज बदला. या उकाड्यात एक दिवस जरी राहिलं तरी उग्र वास सुटतो. किंचित आंबूस वास येणारच, त्याला घाबरू नका.

वाटायच्या दिवशी आमच्याकडे घरातला प्रत्येक हात कामाला असतो. धाकटी जाऊ मिक्सरवर, मी पिळायला, मोठ्या नणंदबाई गाळायला, आणि लहान भाच्याला टोपल्यात हात घालून चोथा पिळायचा असतो. पिळू द्यावा. त्याचे हात एवढेसे, त्यातून निघून निघून किती चीक निघणार? पण तो कोपरापर्यंत पांढरा होऊन जेव्हा "मामी, बघ, दूध निघालं" म्हणतो, तेव्हा सगळ्यांची कंबर थोडी हलकी होते. मग वीज जाते. दरवर्षी मे महिन्यात नेमकी तेव्हाच जाते. अशा वेळी वाटलेला गहू तसाच गार पाण्यात ठेवायचा आणि सावलीत सरकवायचा, म्हणजे खराब होत नाही.

आता मुद्द्यावर येते. चीक शिजवणं.

कमेंटमध्ये सगळ्यात जास्त आलेला प्रश्न आहे, "ताई, किती मिनिटं शिजवायचा?" मंडळी, मी मिनिटं सांगणार नाही. रागावू नका. तुमचं पातेलं वेगळं, शेगडी वेगळी, चीक किती घट्ट बसलाय ते वेगळं. मी दहा मिनिटं म्हटलं आणि तुमचा चीक दहा मिनिटांत कच्चा राहिला, तर तुमचे चार दिवस आणि अख्खा गहू पाण्यात. म्हणून मिनिटं विसरा आणि ओळखायचं कसं ते शिका.

प्रमाण साधं आहे. जितकी पातेली चीक, तितकीच पातेली पाणी. चीक पातळ बसला असेल तर पाणी थोडं कमी. जाड बुडाच्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवायचं, त्यात मीठ आणि हिंग. मीठ बेताचं घाला, वाळल्यावर ते वर येतं. पाण्याला खळखळून उकळी आली की चीक बारीक धारेनं सोडायचा आणि दुसऱ्या माणसानं हाटत राहायचं. दुसरा माणूस हवाच. आमच्याकडे धार सासूबाईंची, हाटायचा लाकडी चाटू माझा, आणि दोन्ही हातांनी पातेलं धरून उभे असतात आमचे हे. एरवी स्वयंपाकघरात फिरकत नाहीत, त्या दिवशी पहाटे पाचला सांडशी घेऊन हजर.

बघता बघता चीक घट्ट होतो. आणि इथेच सगळे फसतात! घट्ट झाला म्हणजे शिजला असं वाटतं. घट्ट होणं आणि शिजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घट्ट तो पहिल्या दोन-तीन मिनिटांतच होतो. त्यानंतर गॅस बारीक करायचा, झाकण ठेवायचं, वाफ आणायची, पुन्हा खालून वर हाटायचं, पुन्हा वाफ. असं होत होत त्याचा रंग बदलतो. आधी तो पांढराशुभ्र असतो, अगदी खडूसारखा. शिजत आला की त्यातला पांढरेपणा जातो, करडट, काचेसारखा दिसायला लागतो, वर चकाकी येते. चाटू उचलला की लोंबतो, पटकन तुटत नाही. मग बोटं गार पाण्यात बुडवायची आणि गोळ्यावर थापटायची. बोटाला चिकटला तर कच्चा. नाही चिकटला तर शिजला.

एवढ्यानं खात्री पटत नसेल तर अजून एक करा. चमचाभर चीक ताटलीत काढा, गार होऊ द्या, आणि मधोमध मोडून बघा. मोडल्यावर पोटात पांढरी रेघ किंवा पांढरा ठिपका दिसला की पातेलं परत गॅसवर. सासूबाई हे ताटलीचं करत नाहीत, त्या नुसत्या वासावर सांगतात. कच्च्या पिठाचा वास जाऊन खरपूस, भातासारखा वास यायला लागला की त्या म्हणतात, "उतरव." पण तो वास ओळखायला वर्षं लागतात, तोवर ताटली आहे.

आता हे असं का होतं? एका दादांनी विचारलंय, बहुतेक बायकोसाठी व्हिडिओ बघत असावेत, त्यांचं मला फार बरं वाटलं. चीक म्हणजे गव्हातला स्टार्च. त्याचे अगदी बारीक दाणे असतात. ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ते पाणी पिऊन फुगायला लागतात आणि एकमेकांत मिसळून जातात. पातेल्याच्या कडेचा चीक आधी तापतो, तो लगेच घट्ट होतो. पण गोळ्याच्या पोटात उष्णता सावकाश जाते. म्हणजे वरून घट्ट दिसतं तेव्हा आतले दाणे अजून न फुगता तसेच बसलेले असतात. त्यांना पाणीही हवं आणि वेळही हवा. म्हणून झाकण, म्हणून वाफ, म्हणून खालून वर हाटणं.

आणि कच्चा राहिला तर काय बिघडतं? सोऱ्यातून पडताना तार तुटते, ते एक. वाळल्यावर कुरडई उचलली की हातात चुरा होते, ते दुसरं. पण खरं कळतं ते तळताना. नीट शिजून वाळलेल्या कुरडईत थोडासा ओलावा राहिलेला असतो. कडकडीत तेलात पडली की त्याची वाफ होते आणि कुरडई क्षणात दुप्पट-तिप्पट फुलते. कच्च्या चिकाच्या तारेला फुलताच येत नाही. ती तेलात तशीच राहते, लालसर होते आणि दाताखाली खड्यासारखी लागते. सणाच्या दिवशी पानात वाढल्यावर हे कळून काय उपयोग? म्हणून पुन्हा सांगते, घट्ट झाला म्हणून उतरवू नका. रंग बघा, बोट लावा, ताटलीत मोडून बघा.

कुकरमध्ये चालेल का, असं बऱ्याच जणींनी विचारलंय. शिजेल, पण मधे हाटता येत नाही, गुठळी राहिली तर तुम्हाला ती सोऱ्यात अडकल्यावरच कळेल. तुरटी घालू का? आम्ही घालत नाही. कुरडई थोडी कमी पांढरी दिसली तरी आमच्या घरात सगळ्यांना चालते.

चीक शिजला की सोऱ्याकडे धावायचं नाही. आधी वाट्या! आमच्याकडे पोरं अंथरुणातून उठून सरळ वाटी घेऊन रांगेत उभी राहतात. गरम चीक, त्यावर दूध आणि साखर. सासऱ्यांना वर तेल आणि तिखट लागतं. धाकट्या नणंदबाई दरवर्षी दोन्ही प्रकार खातात. मी पातेल्यावर झाकण ठेवून पहारा देते, कारण चीक गार झाला की सोऱ्या दाबताना खांदे भरून येतात. एका कमेंटमध्ये कुणीतरी लिहिलं होतं, "मुलांना आधी देऊ नका, कुरडया कमी होतात." ताई, होऊ द्या कमी. मुंबई-पुण्याहून आलेली ही पोरं वर्षातून एकदा गरम चीक खातात. पॅकेटातली कुरडई कुठेही मिळते, वाटीतला गरम चीक कुठल्याच दुकानात मिळत नाही.

आता उन्हाचं. सोऱ्यातून कागदावर कुरडया सकाळी दहाच्या आत घालून झाल्या पाहिजेत, म्हणजे पहिल्याच दिवशी पूर्ण ऊन मिळतं. संध्याकाळपर्यंत कडा कागदावरून सुटायला लागतात, तेव्हा हलक्या हातानं उलटायच्या. पुढचे दोन दिवस कडक ऊन. कावळ्यांसाठी आम्ही गच्चीच्या कठड्याला जुन्या छत्रीचं काळं कापड बांधतो, आणि पोरांची पाळी लावतो. राखणदारांनीच अर्धओल्या कुरडया खाल्ल्या, हे रोजचंच. त्यांना चिमटीत तुटणारी, चिवट, खारट अशीच आवडते.

आणि आभाळाकडे लक्ष ठेवा, हे कळकळीनं सांगते. आमच्या सासूबाईंचा नियम आहे, रोहिणीत वाळवण आणि मृगाच्या आत डबे बंद. म्हणजे २५ मेच्या आसपास रोहिणी लागते, ७-८ जूनला मृग. एरवी हा हिशोब जमतो. मान्सून केरळात १ जूनच्या सुमाराला येतो आणि मुंबईत ११ जूनच्या. पण २०२५ साली काय झालं ते आठवा. २६ मेलाच मान्सून मुंबईत दाखल! त्याआधी सगळा मे महिना वळवानं भिजवला. कित्येकींची वाळवणं गच्चीवरून उचलून घरात पंख्याखाली आली. तेव्हापासून आम्ही गहू भिजवायच्या आधी पुढच्या आठवडाभराचा अंदाज बघतो. तीन दिवस भिजायला, एक दिवस वाटायला, म्हणजे तुम्हाला चार दिवसांनंतरचं ऊन हवंय, आजचं नाही. नणंदांच्या रजा त्या हिशोबानं ठरतात. मोठ्या नणंदबाई एप्रिलमध्येच फोन करून विचारतात, "वहिनी, गहू कधी?"

मधेच आभाळ आलंच, तर कुरडया एकावर एक रचू नका. ताटात, सुपात, चादरीवर सुट्ट्या पसरा आणि पंखा लावा. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की परत गच्चीवर.

डब्यात भरताना एक काळजी घ्या. उन्हातून आणल्या आणि तशाच गरम भरल्या तर आत दमटपणा धरतो. घरात आणून पूर्ण गार होऊ द्या, मग भरा. आमच्याकडे नणंदा निघायच्या आदल्या रात्री हे काम चालतं. चार डबे मांडलेले असतात, एक आमचा, एक जावेच्या माहेरचा, दोन नणंदांचे. सासूबाई प्रत्येक डब्यात कुरडया मोजून टाकतात, आणि पाठ वळली की सासरे लेकींच्या डब्यात मूठभर जास्त सरकवतात. सासूबाईंना ते दिसतं. त्या काही बोलत नाहीत.

तळाशी जो चुरा उरतो तो टाकू नका! त्याची भाजी करा. चुरा पाण्यात भिजवायचा, मऊ झाला की पाणी निथळून घ्यायचं. तेलात मोहरी, जिरं, हिरवी मिरची, भरपूर कांदा, हळद, त्यावर भिजलेला चुरा, एक वाफ, वरून कोथिंबीर. मीठ आधी चाखून मग घाला, चुऱ्यात आहेच. पाहुणे गेल्यावर घर मोकळं झालेलं असतं, कुणाला फारसा स्वयंपाक करायचा नसतो, त्या दिवशी आमच्याकडे हीच भाजी आणि भाकरी असते.

आणि पिळलेला चोथा? त्याच्या भुसवड्या होतात. तिखट, मीठ, लसूण, तीळ घालून. त्याचा वेगळा व्हिडिओ करते, कारण त्यातही शिजवण्याचीच गंमत आहे. तोवर तुमच्या घरी चिकावर दूध-साखर घेतात की तेल-तिखट, ते कमेंटमध्ये लिहा. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यावरून वाद चालू आहे आणि मला दूध-साखरेच्या बाजूनं मतं हवी आहेत.