खड्याआधी ठसा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'नवाहो चांदीचे दागिने : अस्सल कसे ओळखावेत'. नवाहो म्हणजे अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात. विषयावर येतेच. पण हे कडं कुणालाही दाखवलं की आधी फिरोज्याच्या निळ्या खड्यावर बोट जातं आणि मग प्रश्न येतो, "किती ग्रॅम?" माझं भांडण त्याच्याशी आहे. या दागिन्यात खडा पाहुणा आहे. घरचा आहे तो ठसा, चांदीवर ठोकून उमटवलेली नक्षी.

थोडं मागे जाऊ. १८६४ साली अमेरिकन सैन्यानं हजारो नवाहोंना घरंदारं सोडायला लावून शेकडो मैल चालवत बोस्के रेडोंडोच्या छावणीत नेलं. १८६८च्या तहानंतर ते परतले आणि पुढच्या वर्षांत चांदीकाम त्यांच्यात रुजलं. पहिला कारागीर मानतात तो अत्सिदी सानी. नावाचा अर्थच म्हातारा लोहार. एका मेक्सिकन लोहाराकडून तो आधी लोखंडकाम शिकला. चांदी आणायची कुठून? मेक्सिकोचे पेसो आणि अमेरिकेचे डॉलर मुशीत वितळवायचे. कातड्याचा भाता, लोणारी कोळसा, ऐरणीला हाती लागेल तो लोखंडाचा तुकडा. जुन्या कानशी, छिन्न्या घासून ठसे करायचे. मेक्सिकन खोगीरवाले चामड्यावर नक्षी उठवत, तीच पाहून चांदीवर आली. फिरोजा चांदीत बसू लागला तो १८८०च्या सुमारास. तोवर सगळी शोभा ठशाची!

आता माझी हकिगत. मावसबहीण फिनिक्सला असते. तिच्याबरोबर न्यू मेक्सिकोतल्या गॅलपला गेले. हे गाव म्हणजे या दागिन्यांची मोठी पेठ. दुकानावर पाटी 'इंडियन ज्वेलरी', म्हणजे तिथल्या मूळनिवासींचे दागिने. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग तुळशीबागेतूनच घ्यायचं की गं!" आम्ही दोघी खूप हसलो. मी कडं घेतलं. मधे फिरोजा, दोन्ही बाजूंना पोवळी. "हातानं केलेलं," दुकानदारानं छातीठोक सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेला एक नवाहो आजी आपलं काम मांडून बसलेली. माझ्या हातातलं कडं तिनं काढून घेतलं, खड्याकडे पाहिलंही नाही, थेट उलटं केलं. मग स्वतःचं कडं शेजारी ठेवलं. तिच्या कड्याच्या पाठीवर ठोक्यांच्या अंधुक खुणा उमटलेल्या. समोरून ठसा एके ठिकाणी खोल, शेजारी किंचित तिरका, कडा धारदार. माझ्या कड्याची पाठ गुळगुळीत, समोरची नक्षी सगळीकडे सारख्याच खोलीची, कडा साबणाच्या वडीसारख्या झिजलेल्या. साच्यात ओतलेलं होतं ते. आजीनं ठसा माझ्या हातात दिला, एका चांदीच्या तुकड्यावर ठोका मारायला लावला. माझा ठोका घसरला. तिनं मारला, आणि पत्र्यावर लख्ख चंद्रकोर उमटली. मला पैशांचं दुःख नव्हतं. त्या माणसानं या आजीचं नाव विकलं, याचा राग आला. तो अजून गेलेला नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर भराभर.

फिरोजा मऊ असतो, म्हणून पुष्कळदा रेझिन मुरवून टणक करतात. तसं सांगून विकलं तर ती लबाडी नव्हे. भुकटी गोंदात दाबून केलेला ठोकळा किंवा रंगवलेला होलाइट नावाचा पांढरा दगड फिरोजा म्हणून विकणं ही लबाडी. ॲरिझोनातली स्लीपिंग ब्यूटी ही फिरोज्याची खाण २०१२ला बंद झाली, तेव्हापासून त्या निळ्याच्या नावावर काहीही खपतं.

पोवळं त्या वाळवंटातलं नव्हेच, ते भूमध्य समुद्रातलं. स्पॅनिश लोकांनी तिकडे नेलं. आपल्या आज्यांच्या पोवळ्याच्या माळांनाही तिथूनच माल यायचा. खऱ्या पोवळ्यावर भिंगातून बारीक समांतर रेघा दिसतात.

मागे कारागिराची खूण बघा, पण जुन्या कामावर ती बहुधा नसते, एवढ्यावरून खोटं ठरवू नका. अमेरिकेत १९९०चा कायदा आहे: खोटंच 'नवाहो' म्हणून विकलं तर पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून कारागिराचं नाव आणि जमात लेखी मागा. मी मागितलं नव्हतं.

दोन्ही कडी पहिल्या रांगेपासून फिरवतेय. आजीकडूनही एक घेतलं होतं. कुठलं कुठलं ते सांगत नाही. आधी उलटं करून बघा.