नळीतला लाल द्रव

मंडळी, विषय यकृताचा आहे, पण सुरुवात मी लॅबमधल्या माझ्या टेबलावरून करते. रक्ताची नळी मशीनमध्ये फिरवली की तांबड्या पेशी तळाला बसतात आणि वर फिकट पिवळा द्रव राहतो. कधी कधी तो लाल निघतो. शीर मिळत नव्हती, नळी जोरात हलवली, पेशी फुटल्या. आम्ही ‘हिमोलाइज्ड सॅम्पल, पुन्हा पाठवा’ लिहितो आणि पुढच्या नळीकडे वळतो.

पण दुसरी नळीही तशीच आली, रुग्णाला ताप आहे, आणि सकाळी नसलेली कावीळ संध्याकाळी डोळ्यांत उतरली आहे, तर? तर पेशी नळीत नव्हे, अंगातच फुटत असू शकतात.

असं करणारा एक जंतू म्हणजे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. हा मातीत असतो, आपल्या आतड्यातही असतो, आणि एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. मधुमेह, कर्करोग किंवा सिरोसिसने (यकृत निबर होण्याच्या आजाराने) पोखरलेल्या शरीरात तो क्वचित आतड्यातून किंवा पित्तनलिकेतून यकृतात शिरतो. अनुकूल स्थितीत त्याची संख्या 10 मिनिटांच्या आत दुप्पट होते. आपण सावकाश, 10 मिनिटंच धरू. एका जंतूचे 3 तासांत 2,62,144! शरीरात इतकं सरळ गणित चालत नाही, पण वेगाची कल्पना येते. त्याचं अल्फा टॉक्सिन नावाचं विष तांबड्या पेशींच्या आवरणातलं लेसिथिन, म्हणजे एक स्निग्ध पदार्थ, तोडतं. पेशी फुटतात, लघवी काळपट लाल होते, मूत्रपिंडं बंद पडू लागतात. भरती झाल्यापासून 24 तासही न काढलेले रुग्ण वैद्यकीय नोंदींत बरेच सापडतात.

1892 साली बाल्टिमोरमध्ये विल्यम वेल्च आणि जॉर्ज नटॉल यांनी या जंतूचं वर्णन केलं. शवविच्छेदनात त्यांना रक्तवाहिन्यांमध्ये वायूचे बुडबुडे दिसले होते. जंतू साखर आंबवतो, त्यातून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड निघतो. अशा वायूने भरलेल्या यकृताला ‘फेसाळ यकृत’ म्हणतात. कापलं तर आंबोळीसारखी जाळी. आज जिवंतपणीच सीटी स्कॅनवर हा वायू दिसतो.

आपल्याकडे कावीळ म्हटली की आधी ती ‘उतरवणाऱ्या’कडे जायचं. साध्या विषाणूंच्या काविळीत ते बहुधा खपून जातं, कारण ती मुळात आपली आपणच उतरते. इथे मात्र वाया गेलेली एक रात्र परत मिळत नाही. पेनिसिलिन आणि विष तयार होणं थांबवणारं क्लिंडामायसिन, दोन्ही ताबडतोब द्यावी लागतात, गळू असेल तर पू काढावा लागतो. कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या चाचणीची, वाट बघत बसण्याइतका वेळ नसतो.

म्हणून दुसरी लाल नळी आली की मी वॉर्डात फोन करते. बहुतेक वेळा सिस्टर वैतागून म्हणतात, ‘‘अहो मॅडम, शीरच मिळत नव्हती!’’ ते ऐकून मला इतकं बरं वाटतं म्हणून सांगू.