झायनने ‘ड्यूक’ म्हटलं त्या रात्री

[पडद्यावर: शाळेचं जिम. टेबल, माइक, कॅमेऱ्यांचे दिवे.]

२० जानेवारी २०१८. शनिवारची संध्याकाळ. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातलं स्पार्टनबर्ग, कधीकाळी कापडगिरण्यांवर जगलेलं शहर. इथल्या स्पार्टनबर्ग डे स्कूल नावाच्या छोट्या खासगी शाळेच्या जिममध्ये आज टीव्हीवाले आलेत. सामना नाही, बक्षीस समारंभ नाही. बास्केटबॉल खेळणारा सतरा वर्षांचा एक मुलगा शाळा संपल्यावर कुठल्या कॉलेजात जाणार, एवढंच सांगणार आहे. आणि ते ऐकायला देशभर लोक टीव्हीसमोर बसलेत.

मुलाचं नाव झायन विल्यमसन.

सहा कॉलेजं शर्यतीत आहेत. क्लेमसन, साउथ कॅरोलायना, केंटकी, कॅन्सस, नॉर्थ कॅरोलायना आणि ड्यूक. पहिली दोन याच राज्यातली. त्यातलं क्लेमसन तर तासा-दीड तासावर. झायनचे सावत्र वडील कॉलेजात असताना क्लेमसनकडूनच खेळले होते. पोराला पहाटे उठवून त्यांनीच त्याच्याकडून मेहनत करून घेतली. तेव्हा हा मुलगा भगवी जर्सी घालणार, हे क्लेमसनच्या चाहत्यांनी मनात कधीच पक्कं करून टाकलं होतं. नुसते चाहतेच नाही, कोणता खेळाडू कुठे जाईल याचे अंदाज बांधणं हाच ज्यांचा धंदा, त्यांच्यातल्या बहुतेकांचा कौलही क्लेमसनकडेच होता.

झायन माइकसमोर आला आणि म्हणाला: ड्यूक.

[पडद्यावर: नकाशा. स्पार्टनबर्ग, क्लेमसन, कोलंबिया, आणि उत्तरेला शेजारच्या राज्यात ड्यूकचं डरहॅम.]

या एका शब्दाने किती लोकांची झोप उडाली, हे कळायला अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल थोडं समजून घ्यायला हवं. आपल्याकडे कॉलेजची टीम म्हणजे कॉलेजपुरता मामला. मॅच बघायला मित्र येतात, फार तर पीटीचे सर. तिथे तसं नाही. साउथ कॅरोलायनामध्ये एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, एकही टीम नाही. तिथल्या माणसाची टीम म्हणजे राज्यातलं कॉलेज. आजोबा त्या कॉलेजचे, बाप त्या कॉलेजचा, आणि घरातलं कुणी त्या कॉलेजची पायरीही चढलं नसेल तरी गाडीवर स्टिकर त्याचाच. रंग ठरलेला असतो, आणि तो बदलत नाही.

क्लेमसन मुळात फुटबॉलचं गाव. त्यांचा अमेरिकन फुटबॉलचा संघ जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय विजेता झाला होता. बास्केटबॉलचं मात्र दुखणंच होतं. एनसीएए म्हणजे कॉलेजांच्या खेळांची देशभरची संघटना. तिच्या स्पर्धेत शेवटच्या चार संघांत, म्हणजे फायनल फोरमध्ये, क्लेमसन तोवर एकदाही पोचलं नव्हतं. ज्या एसीसी लीगचं ते १९५३ पासून, अगदी स्थापनेपासून सदस्य, त्या लीगची स्पर्धाही एकदा जिंकता आली नव्हती. आणि त्याच लीगमध्ये, त्याच वर्षी आलेलं दुसरं कॉलेज म्हणजे ड्यूक. पाच राष्ट्रीय विजेतेपदं, आणि ती पाचही एकाच कोचच्या हाताखाली. माइक शशेफ्स्की. सगळं जग त्यांना ‘कोच के’ म्हणतं.

म्हणजे तासा-दीड तासावरचा पोरगा हातचा गेला, एवढ्यावर हे थांबत नव्हतं. तो गेला ते लीगमधल्या सर्वांत श्रीमंत घरी, आणि पुढच्या वर्षी तिथून आपल्याचविरुद्ध खेळायला येणार होता.

वर दिवसही असा निवडला गेला, की बोलायची सोय नाही. त्याच शनिवारी क्लेमसनचा नोत्र दामशी सामना होता. क्लेमसन जिंकलं. पण डॉन्टे ग्रँथम, संघाचा शेवटच्या वर्षातला भरवशाचा खेळाडू, गुडघा धरून खाली बसला. लिगामेंट फाटलं होतं, कॉलेजमधला त्याचा खेळ तिथेच संपला. दुपारी हा धक्का आणि संध्याकाळी तो. क्लेमसनच्या लोकांबद्दल मला त्या दिवशीसाठी खरंच वाईट वाटतं.

[पडद्यावर: झायनचे शाळेतले डंक, म्हणजे उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये आपटणं. एकामागून एक.]

आता हा मुलगा होता तरी कसा?

उंची सहा फूट सात इंच. पुढे ड्यूकने वजन नोंदवलं ते २८५ पाउंड, म्हणजे जवळपास १२९ किलो. एवढ्या वजनाचा माणूस जमिनीवरून उठतो कसा, हा प्रश्न त्याला पाहणाऱ्या प्रत्येकाला पडलाय. झायन नुसता उठायचा नाही, वर जाऊन थांबल्यासारखा वाटायचा. त्याला मुद्दाम जवळून, कमी वेगात बघा. दोन पावलं, गुडघे थोडेसेच वाकतात, खांदे सरळ, डावा हात आधी वर जातो, आणि डोकं रिंगच्या जवळ पोचल्यावर चेंडू खाली येतो तो हातोडा पडावा तसा. आजूबाजूची शाळकरी मुलं त्याच्या वाटेतून बाजूला होतात. काही तर वर बघत उभीच राहतात.

हे डंक मोबाइलवर लाखो लोकांनी पाहिले. ड्रेक या गायकाने स्पार्टनबर्ग डे स्कूलची झायनची जर्सी अंगात घालून फोटो टाकला, तेव्हा झायन अजून अकरावीत होता. २०१७ च्या उन्हाळ्यात लास व्हेगासमध्ये झायनची टीम आणि लमेलो बॉल या दुसऱ्या गाजलेल्या मुलाची टीम समोरासमोर आली. दोघंही शाळेतले. तरी इतकी गर्दी लोटली, की कित्येकांना दारातूनच परत जावं लागलं.

त्याच्यासाठी कॉलेजांनी जीव टाकला यात नवल नाही. कोच स्वतः येऊन शाळेच्या जिममध्ये बसायचे. इतर वेळी ज्यांच्या नुसत्या नजरेने खेळाडू सरळ होतात, ती माणसं इथे लाकडी बाकावर गप्प बसून एका मुलाचा सराव बघायची. आपण आलोय, हे त्याला दिसावं म्हणून.

[पडद्यावर: कॅमरन इनडोअर स्टेडियम, बाहेरून. मग आत, निळे रंगवलेले चेहरे.]

डरहॅममध्ये त्या रात्री दिवाळी. ड्यूकचं कॅमरन इनडोअर स्टेडियम १९४० मधलं, बसायची जागा जेमतेम ९,३१४. विद्यार्थी अगदी मैदानाला चिकटून बसतात, नव्हे, उभेच असतात. नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धच्या सामन्यासाठी ते आठवडेच्या आठवडे तंबूत राहतात. त्या तंबूंच्या वस्तीला कोचचंच नाव आहे. त्यांना झायन मिळाला तो तिसरा मोहरा म्हणून. कॅनडाचा आर. जे. बॅरेट आणि पेनसिल्व्हेनियाचा कॅम रेडिश यांनी ड्यूकला आधीच शब्द दिला होता. ईएसपीएन या क्रीडा वाहिनीच्या यादीत त्या वर्षीचे पहिले तीन खेळाडू म्हणजे हेच तिघं. तिघंही एकाच कॉलेजात. असं यापूर्वी कुठल्याच संघाला जमलं नव्हतं.

बाकी देशाने मात्र कपाळाला हात लावला. सगळे एकाच घरी जाणार असतील तर उरलेल्या साडेतीनशे संघांनी काय करायचं? हा राग मला पटतो. स्पर्धा थोडी तरी समान असावी, असं वाटणं चुकीचं नाही.

न पटणारा राग दुसरा आहे. कुठलाही मोठा खेळाडू ‘दुसरं’ कॉलेज निवडतो तेव्हा तो दिसतो. महिनोन्महिने मोठी, कर्ती माणसं एका अल्पवयीन मुलाचं अकाउंट रोज उघडून बघतात. त्याने आज कुठल्या कॉलेजचा हूडी घातला, कुणाच्या फोटोला लाइक दिलं, आई कुठल्या सामन्याला दिसली. खेळाडूंच्या निवडीच्या बातम्या पैसे भरून वाचणारे हजारोंनी आहेत. आधी विनवण्या असतात. उत्तर मनासारखं आलं नाही, की त्याच लोकांकडून टोमणे, कधी शिव्या. राज्याशी बेइमानी केली म्हणे.

बेइमानी कसली?

[पडद्यावर: काळी पाटी.]

त्या वेळचे नियम बघा. बारावी झालेला खेळाडू कितीही तयार असो, एनबीए त्याला घेत नाही. वयाला १९ वर्षं हवीत आणि शाळा सुटून एक वर्ष उलटायला हवं. २००५ च्या कराराने हे ठरलं आणि २००६ च्या ड्राफ्टपासून, म्हणजे नवे खेळाडू संघांत वाटून घेण्याच्या कार्यक्रमापासून, लागू झालं. म्हणून हे वर्ष बहुतेक जण कॉलेजात काढतात. कॉलेजात खेळायचं तर तेव्हा पगार नव्हता. शिष्यवृत्ती मिळायची, पण स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमवायची मुभा एनसीएएने दिली ती जुलै २०२१ मध्ये, झायनने ड्यूक सोडल्यावर दोन वर्षांनी. कोचचा पगार कोटींत, तिकिटं हजारोंची, टीव्हीचे करार अब्जांचे, आणि ज्याच्यासाठी लोक येतात तो विनामोबदला.

वर्ष संपल्यावर एनबीए. तिथे शहर कुठलं? ते खेळाडू ठरवत नाही. ड्राफ्टमध्ये ज्या संघाचा नंबर लागेल, त्याने नाव पुकारायचं आणि याने टोपी घालून हसायचं.

म्हणजे घरातल्या रिंगपासून एनबीएपर्यंतच्या वाटेवर ‘तुला कुठे जायचंय?’ हा प्रश्न झायनला एकदाच विचारला गेला. त्या संध्याकाळी, शाळेच्या जिममध्ये. आपल्याला हवं ते उत्तर त्याने दिलं नाही म्हणून आपण चिडलो, तर त्याच्या वाट्याला आलेली एकुलती एक निवडसुद्धा आपल्याला हवी होती, असाच त्याचा अर्थ होतो. त्याने कारणं दिली तीही सरळ होती. ड्यूकमधला बंधुभाव त्याला कुटुंबासारखा वाटला, आणि कोच के यांच्याकडून शिकायचं होतं. सतरा वर्षांच्या मुलाने चांगल्या मास्तरांकडे जायचं ठरवलं. यात कुणाला फसवल्यासारखं काय आहे, मला सापडत नाही.

क्लेमसनच्या लोकांच्या दुःखाला मी कमी लेखत नाही. त्यांनी त्याच्यावर माया केली होती. गावातल्या जिमपासून त्याला पाहिलं होतं. ती माया खरीच होती. फक्त तिच्यावर पावती फाडता येत नाही.

आणि क्लेमसनचं पुढे वाईटही झालं नाही. ग्रँथमविना तो संघ त्याच मार्चमध्ये एनसीएए स्पर्धेच्या शेवटच्या सोळांत गेला, १९९७ नंतर पहिल्यांदा. वाटेत ऑबर्नला ८४-५३ असं झोडपलं. त्या मोसमाची आठवण झायनच्या ‘नाही’ने झाकली जावी, हे मला फार अन्यायाचं वाटतं.

[पडद्यावर: ५ जानेवारी २०१९, कॅमरन. निळा संघ, समोर क्लेमसन.]

वर्षभराने ज्याची धास्ती होती तो सामना आला. क्लेमसन ड्यूकच्या घरी. झायनने २५ गुण केले आणि १० रिबाउंड, म्हणजे नेम चुकून उसळलेले चेंडू, घेतले. दुसऱ्या डावात एकदा चेंडू घेऊन तो एकटाच पुढे निघाला, समोर कुणी नाही. उडाला, हवेतच पूर्ण गिरकी घेतली आणि डंक मारला. क्लेमसनचा कोच, क्लेमसनचे खेळाडू, सगळे बघतच राहिले. ड्यूक ८७, क्लेमसन ६८. दोनच दिवसांनी क्लेमसनच्या फुटबॉल संघाने अलाबामाला ४४-१६ असं हरवून पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. जखमेवर निदान हळद तरी लागली.

मधला फेब्रुवारी साऱ्या जगाने पाहिला. नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध पहिल्याच मिनिटात झायनचा नायकीचा बूट फाटला, तो गुडघ्यावर आपटला. प्रेक्षकांत ओबामा बसलेले. दुसऱ्या दिवशी कंपनीचा शेअर घसरला. त्याने आता खेळूच नये, लाखो डॉलर वाट बघतायत, असं बरेच जण म्हणाले. तो परतला. एसीसीच्या स्पर्धेत सिराक्यूजविरुद्ध १३ पैकी १३ चेंडू रिंगमध्ये टाकले आणि ड्यूकने ती स्पर्धा जिंकली.

मग एनसीएए स्पर्धेच्या पहिल्या दोन फेऱ्या. ठिकाण कोलंबिया, साउथ कॅरोलायना. म्हणजे झायनचंच राज्य, आणि त्याने नाकारलेल्या साउथ कॅरोलायना कॉलेजचंच मैदान. २४ मार्च २०१९. समोर फ्लोरिडातल्या यूसीएफ कॉलेजचा संघ. पंधरा सेकंदही उरले नव्हते, ड्यूक तीन गुणांनी मागे. झायन सरळ टॅको फॉलच्या अंगावर गेला. टॅको फॉल, उंची सात फूट सहा इंच! चेंडू त्याच्यावरून रिंगमध्ये, वर फाउल. फ्री थ्रो चुकला, पण बॅरेटने तो उचलून आत टाकला. ७७-७६. यूसीएफचा शेवटचा प्रयत्न रिंगवर फिरून बाहेर पडला. यूसीएफचे कोच जॉनी डॉकिन्स एकेकाळचे ड्यूकचेच खेळाडू, आणि तो शेवटचा प्रयत्न त्यांच्या मुलाच्या हातून हुकला होता. झायनचे त्या दिवशीचे गुण ३२.

आठवड्याभरात मिशिगन स्टेटने ड्यूकला एका गुणाने हरवलं, ६८-६७. पहिले तीन खेळाडू एकत्र आणूनही फायनल फोर नाही, विजेतेपद नाही.

[पडद्यावर: एनबीए लॉटरी, १४ मे २०१९.]

मे महिन्यात न्यू ऑर्लिन्स पेलिकन्सना ड्राफ्टमधला पहिला नंबर लागला, म्हणजे झायन त्यांचाच. शक्यता होती अवघी सहा टक्के. तिथल्या तिकीट विक्रीच्या ऑफिसात माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून ओरडत होती. झायनला त्यांच्यापैकी कुणी प्रत्यक्ष ओळखत नव्हतं, आणि त्याला कुणी काही विचारलंही नव्हतं.

ड्यूकसाठी तो एकूण ३३ सामने खेळला.