तबकडीची दुसरी बाजू : लेड झेपेलिनचं अकूस्टिक संगीत

[काळा पडदा. सुई तबकडीवर टेकल्याची खरखर. मग अकूस्टिक गिटार.]

ऑक्टोबर १९७०. लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडची तिसरी तबकडी दुकानांत आली. ज्यांनी आधीच्या दोन तबकड्या पारायण केल्यासारख्या ऐकल्या होत्या, त्यांना काय ऐकायला मिळणार हे ठाऊक होतं. आणि पहिल्या बाजूनं त्यांना निराश केलं नाही. ‘इमिग्रंट साँग’मध्ये गायक रॉबर्ट प्लांट अशी आरोळी ठोकतो, की घरातली बाकीची माणसं दार लावून घेतील.

मग तबकडी उलटायची. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं ‘गॅलोज पोल’. एक अकूस्टिक, म्हणजे विजेशिवाय वाजणारी लाकडी गिटार आणि एक आवाज. ड्रम कुठे आहेत? जॉन बॉनमसारखा ड्रमर घरात असताना जवळजवळ दोन मिनिटं ड्रम वाजतच नाहीत. मँडोलिन येते, बेस येतो, आणि मग कुठे बॉनम आत शिरतो. तिथून पुढे गाणं बँजोला सोबत घेऊन धावत सुटतं.

त्यानंतर ‘टँजरिन’, ‘दॅट्स द वे’, ‘ब्रॉन-इर-आर स्टॉम्प’. एकामागून एक अशी गाणी, जी ऐकून त्या वेळच्या कित्येक समीक्षकांनी विचारलं, हे यांना झालं तरी काय?

या व्हिडिओत आपण याच बाजूविषयी बोलणार आहोत. झेपेलिनची अकूस्टिक गाणी म्हणजे दोन दणदणीत गाण्यांच्या मधली विश्रांती, असं आजही म्हटलं जातं. मला ते मुळीच पटत नाही. या बँडच्या संगीताची घडण ज्या कानांनी झाली, ते कान या गाण्यांत सगळ्यात स्पष्ट सापडतात.

[१९६० च्या दशकातल्या लंडनची छायाचित्रं]

जिमी पेज झेपेलिन हा बँड काढण्याआधी लंडनमधला अतिशय मागणी असलेला सेशन गिटारवादक होता. दिवसभर दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर वाजवायचं, हे त्याचं काम. पण त्याचे कान लागलेले असायचे ते ब्रिटनमधल्या लोकसंगीताच्या नव्या वादकांकडे. डेव्ही ग्रॅहम आणि बर्ट जान्श ही त्यातली दोन मोठी नावं. हे लोक एकट्या गिटारवर जुनी इंग्लिश आणि आयरिश गाणी अशी वाजवायचे, की खालच्या तारांवर एक चाल आणि वरच्या तारांवर दुसरी, दोन्ही एकाच वेळी ऐकू याव्यात. ग्रॅहमनं तर गिटारच्या तारा लावण्याची रीतच बदलून टाकली होती.

म्हणूनच १९६९ च्या जानेवारीत आलेल्या झेपेलिनच्या पहिल्याच रेकॉर्डवर ‘ब्लॅक माउंटन साइड’ आहे. दोन मिनिटांची निव्वळ वाद्यरचना. गिटारला साथ तबल्याची, आणि तबल्यावर विराम जसानी. जगातल्या सगळ्यात गडगडाटी बँडच्या पहिल्या रेकॉर्डवर तबला आहे, हे कितीतरी चाहत्यांच्या लक्षातही येत नाही.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ही रचना ‘ब्लॅकवॉटरसाइड’ या पारंपरिक गाण्यावर उभी आहे, आणि गिटारवरची तिची मांडणी बर्ट जान्शच्या १९६६ च्या रेकॉर्डशी इतकी जवळची आहे की दोन्ही ऐकणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. जान्शला ते गाणं मिळालं होतं ॲन ब्रिग्ज या गायिकेकडून. झेपेलिनच्या रेकॉर्डवर नाव मात्र फक्त पेजचं. त्याच रेकॉर्डवरचं ‘बेब आय’म गॉना लीव्ह यू’ पारंपरिक म्हणून छापलं गेलं. ते ॲन ब्रेडन या बाईंचं गाणं होतं आणि त्यांचं नाव त्यावर यायला १९९० साल उजाडलं. मला हे संगीत जीव तोडून आवडतं, आणि म्हणूनच ही नावं घेतल्याशिवाय पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. लोकगीत हातोहात पुढे जातं हे खरं. ज्याच्या हातून ते आपल्याकडे आलं, त्याचं नाव सांगण्यात कमीपणा काहीच नव्हता.

[वेल्समधल्या टेकड्या. मेंढ्या, दगडी बांध, ओलं गवत.]

१९७० चा वसंत. दीड वर्षात दोन रेकॉर्ड, आणि अमेरिकेचे एकामागून एक दौरे. माणसं थकली होती. प्लांटला लहानपणीची एक जागा आठवली. वेल्समध्ये माखंलेथ गावाजवळ, डोंगरउतारावर, अठराव्या शतकातलं एक दगडी घर. नाव ब्रॉन-इर-आर. त्याचे आईवडील त्याला तिथे सुट्टीत घेऊन जायचे.

प्लांट आणि पेज आपापल्या कुटुंबासह तिथे जाऊन राहिले. घरात वीज नाही. नळाला पाणी नाही. वीज नाही म्हणजे ॲम्प्लिफायर नाही, आणि ॲम्प्लिफायर नाही म्हणजे इलेक्ट्रिक गिटार असून नसल्यासारखी. संध्याकाळी शेकोटीशेजारी बसून जे वाजेल ते लाकडी गिटारवरच वाजणार होतं.

‘दॅट्स द वे’ची गोष्ट पेजनं स्वतः अनेकदा सांगितली आहे. दोघं फिरायला निघाले. बरोबर एक गिटार आणि एक टेपरेकॉर्डर. परतीच्या वाटेवर दम खायला एका घळीत बसले. पेजनं एक सुरावट छेडली, प्लांटनं तिथल्या तिथे पहिलं कडवं गायलं, आणि टेपरेकॉर्डर चालू केला.

ते गाणं नीट ऐका. एका मुलाला घरातले सांगतात, शेजारच्या त्या मुलाशी खेळायचं नाही. का नाही, तर तो आपल्यातला नाही. हा मुलगा आपल्या मित्राला ते कसं सांगणार? एवढाच विषय. प्लांटचं वय तेव्हा एकवीस. अमेरिकेत लांब केसांच्या तरुणांकडे लोक कसं बघतात ते त्यानं पाहिलं होतं, आणि त्याचा सल या शब्दांत उतरला आहे असं म्हणतात. पण गाण्यात तक्रारीचा सूर कुठेच नाही. मागे पेडल स्टील गिटारचे लांबलेले, घसरत जाणारे स्वर आहेत, मँडोलिन आहे. ड्रम नाहीत. साडेपाच मिनिटं हा माणूस एकदाही ओरडत नाही. ज्याला इतकं ओरडता येतं त्यानं इतका वेळ आवाज राखून धरणं, याला गळ्यावरची हुकूमत म्हणतात. माझ्या मते प्लांटनं गायलेलं हे सगळ्यात सुंदर गाणं आहे. ‘स्टेअरवे टू हेवन’सुद्धा त्यानंतर.

[गिटारच्या मानेचं जवळून चित्रण. खुंट्या फिरवणारी बोटं.]

आता थोडं गिटारबद्दल, कारण या संगीताची मोहिनी बरीचशी तारा कशा लावल्यात यावर अवलंबून आहे.

‘फ्रेंड्स’ हे गाणं आणि ‘ब्रॉन-इर-आर’ ही छोटी वाद्यरचना, दोन्हींसाठी तारा एकाच पद्धतीनं लावलेल्या. नेहमीच्या गिटारमध्ये सहाव्या तारेपासून मोजलं तर ई, ए, डी, जी, बी, ई. पेजनं सहावी आणि चौथी तार उतरवून सीवर आणली, आणि दुसरी तार किंचित चढवून तीही सीवर नेली. आता सीला आपला षड्ज मानू. तारा झाल्या सा, ध, सा, प, सा, ग. तीन तारांवर तीन सप्तकांतले तीन षड्ज! नुसता हात फिरवला तरी गिटार भरून बोलते. बोटं चाल वाजवत असतात आणि खालचा खर्ज सुटतच नाही. आपल्या कानांना हे ओळखीचं का वाटतं, ते तानपुऱ्यासमोर बसलेल्या कुणालाही सांगायला नको.

‘ब्रॉन-इर-आर’ जेमतेम दोन मिनिटांची आहे. वाजवली गेली १९७० मध्ये, पण रेकॉर्डवर आली ती १९७५ च्या ‘फिजिकल ग्राफिटी’मध्ये, ‘कश्मीर’सारखं अवाढव्य गाणं आहे त्याच संचात. एकटा पेज, एक गिटार, बाकी काही नाही.

[जुनं दगडी घर, हॅम्पशायर]

अकूस्टिक झेपेलिन म्हणजे पेज आणि प्लांटची खासगी हौस, असंही कुणी समजू नये. वेल्सहून आणलेल्या गाण्यांवर चौघांनी मिळून काम केलं, त्यातलं बरंचसं हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घरात. बँडचा बेसवादक जॉन पॉल जोन्स याच्याशिवाय ही बाजू उभीच राहिली नसती. मँडोलिन त्याची, ‘फ्रेंड्स’मधल्या तंतुवाद्यांची मांडणी त्याची, आणि ‘गॅलोज पोल’मध्ये पेजनं वाजवलेला बँजोही त्याचाच. पेजनं त्याआधी बँजो कधी वाजवला नव्हता.

आणि बॉनम? ‘ब्रॉन-इर-आर स्टॉम्प’ हे प्लांटच्या स्ट्रायडर नावाच्या कुत्र्यावरचं गाणं आहे. त्यात बॉनम चमचे वाजवतो. होय, स्वयंपाकघरातले चमचे! आणि ऐका, लय कशी घट्ट बसली आहे. या गाण्याला नाचायचा मोह होतो तो त्या चमच्यांमुळे.

‘गॅलोज पोल’बद्दल आणखी एक. फाशीच्या खांबाखाली उभा असलेला माणूस आपली माणसं येईपर्यंत थांबायची विनवणी करतो, ही कथा युरोपात कित्येक शतकं गायली जाते. बहुतेक ठिकाणी शेवटी प्रिय व्यक्ती येते आणि सुटका होते. झेपेलिनच्या गाण्यात फाशी देणारा चांदी घेतो, सोनं घेतो, बहिणीलाही नासवतो, आणि तरीही दोर ओढतो. वर बँजो आनंदात वाजतो आहे आणि खाली हे चाललं आहे. लोकगीतातला हा क्रूरपणा त्यांनी गोड करून वाढला नाही, हे मला फार मोठं वाटतं.

शेवटचं, रॉय हार्पर या लोकगायकाला सलाम करणारं गाणं मात्र मला जमलेलं वाटत नाही. सलामी मनापासूनची आहे, गाणं विस्कटलेलं.

[वृत्तपत्रांची पानं उलटतात]

समीक्षकांनी काय म्हटलं? क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश हा अकूस्टिक गाण्यांचा गट गाजला म्हणून यांनीही लाकडी गिटारी हातात घेतल्या! पेजला हे फार लागलं. आमच्या पहिल्या रेकॉर्डवर अकूस्टिक गिटार नव्हती का, हा त्याचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता. पुढच्या रेकॉर्डच्या मुखपृष्ठावर त्यांनी बँडचं नावच छापलं नाही. नाव बघून मत बनवता ना, मग आता नुसतं ऐका.

त्या चौथ्या रेकॉर्डवर, १९७१ मध्ये, ‘द बॅटल ऑफ एव्हरमोर’ आहे. एका रात्री हेडली ग्रेंजमध्ये पेजनं जोन्सची मँडोलिन सहज उचलली आणि ही चाल निघाली. प्लांटला गाताना दुसरा आवाज हवा होता, सवालाला जवाब देणारा. बोलावणं गेलं सँडी डेनीला. ती फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडची आधीची गायिका होती आणि इंग्लिश लोकसंगीतातला तिचा आवाज म्हणजे शब्द थिटे पडावेत असा. झेपेलिनच्या स्टुडिओ रेकॉर्डवर प्लांटबरोबर बरोबरीनं गायलेली बाहेरची गायिका ही एकच. चौघांनी आपापलं चिन्ह छापलं होतं, तसं तिलाही दिलं. ती १९७८ मध्ये गेली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी.

आणि ज्या ‘स्टेअरवे टू हेवन’ला रॉकचं शिखर मानतात, त्याची सुरुवात कशानं होते? अकूस्टिक गिटार आणि जोन्सनं वाजवलेल्या रेकॉर्डर नावाच्या लाकडी बासऱ्या. बॉनम येतो ते अर्धं गाणं उलटून गेल्यावर. ‘गॅलोज पोल’मध्ये जी वाट त्यांनी चाचपून पाहिली, तिच्यावरूनच हे गाणं इतकं वर चढलं.

[रंगमंच. तीन खुर्च्या.]

हे सगळं त्यांनी रंगमंचावरही नेलं. मैफलीच्या मधोमध खुर्च्या मांडल्या जायच्या आणि पेज, प्लांट, जोन्स बसून वाजवायचे. १९७५ च्या मे महिन्यात लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये पाच रात्री कार्यक्रम झाले. त्या प्रचंड सभागृहात, लेझरच्या झोतांसाठी आलेल्या गर्दीसमोर, ‘दॅट्स द वे’ आणि ‘गोइंग टू कॅलिफोर्निया’ गायली गेली. त्याचं चित्रण उपलब्ध आहे, जरूर पाहा.

१९८० मध्ये बॉनम गेला आणि बँड संपला. १९९४ मध्ये पेज आणि प्लांट पुन्हा एकत्र आले, तेव्हा ‘द बॅटल ऑफ एव्हरमोर’मध्ये सँडी डेनीची जागा नजमा अख्तर या भारतीय वंशाच्या ब्रिटिश गायिकेनं घेतली. नंतर प्लांटनं ॲलिसन क्राउस या अमेरिकन ब्लूग्रास गायिकेबरोबर २००७ मध्ये ‘रेझिंग सँड’ केली, तिला ग्रॅमीचं वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं पारितोषिक मिळालं. मुलाखतकार झेपेलिन पुन्हा कधी, असं विचारत राहिले. प्लांट लोकगीतं गात राहिला.

[मुंबई, कुलाबा. १९७० च्या दशकातली दृश्यं.]

आता आपल्या शहराकडे येऊ. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले होते. कुलाब्यातल्या ‘स्लिप डिस्क’ या क्लबात दोघांनी एका रात्री वाजवलं, त्याच्या आठवणी मुंबईच्या जुन्या रॉकवेड्यांनी आजवर जपल्यात. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं स्टुडिओतलं काम. बासरीवादक आणि संगीतकार विजय राघव राव यांच्या सहकार्यानं त्यांनी इथल्या वादकांबरोबर दोन गाणी मुद्रित केली, ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’. तेच, फिल्म्स डिव्हिजनच्या कितीतरी लघुपटांना संगीत देणारे विजय राघव राव.

ही ध्वनिमुद्रणं चाहत्यांमध्ये चोरून फिरत राहिली आणि अधिकृतपणे बाहेर आली ती थेट २०१५ मध्ये, ‘कोडा’ या रेकॉर्डच्या नव्या आवृत्तीत. ‘फ्रेंड्स’ची दोन्ही रूपं पाठोपाठ ऐका. आधी १९७० चं, मग मुंबईचं. पहिल्यात जोन्सनं पाश्चात्त्य तंतुवाद्यांकडून पूर्वेकडचा वाटावा असा रंग काढून घेतला आहे. दुसऱ्यात तबला आणि आपल्या वादकांचे सूर आहेत, आणि त्यांना त्यासाठी काही वेगळं करावं लागत नाही. वेल्समध्ये लावलेल्या त्या गिटारच्या तीन षड्जांना मुंबईच्या स्टुडिओत उत्तर मिळालं आहे.

[‘फ्रेंड्स’चं मुंबईतलं मुद्रण, श्रेयनामावली संपेपर्यंत]