एका बाईचे प्रश्न

(पडद्यावर: केपटाऊनचं संसद भवन, जुनं कृष्णधवल चित्रीकरण)

1963 साल. दक्षिण आफ्रिकेच्या संसदेत एका विधेयकावर मतदान चाललंय. पोलीस अधिकाऱ्याने कुणालाही उचलावं. वॉरंट नको, आरोपपत्र नको, कोर्ट नको. 90 दिवस कोठडीत ठेवावं, आणि ते संपले की पुन्हा 90.

सरकारी पक्ष विधेयकाच्या बाजूने, यात नवल नाही. पण मुख्य विरोधी पक्षसुद्धा बाजूनेच! सगळे उठून एकीकडे गेले. पलीकडच्या रिकाम्या बाकांवर उरली एक बाई. हेलन सुझमन.

(पडद्यावर: जोहान्सबर्गजवळच्या सोन्याच्या खाणी)

जन्म 7 नोव्हेंबर 1917, जर्मिस्टन या खाणगावात. आईवडील लिथुआनियातून आलेले ज्यू. तिकडे रशियाच्या झारचं राज्य होतं आणि ज्यूंच्या वाट्याला रोजचा अपमान, म्हणून हजारो कुटुंबांनी आफ्रिकेची वाट धरली होती. हेलन जन्मली आणि थोड्याच दिवसांत आई गेली. शाळा कुठली, तर कॅथलिक नन्सची कॉन्व्हेंट. एकोणिसाव्या वर्षी डॉक्टर मोझेस सुझमन यांच्याशी लग्न झालं, पुढे दोन मुली झाल्या. इथवरचं आयुष्य जोहान्सबर्गमधल्या कुठल्याही सुखवस्तू गोऱ्या घरातलं वाटावं असंच.

ती घडी विस्कटली अभ्यासामुळे. विटवॉटर्सरँड विद्यापीठात त्या आर्थिक इतिहास शिकवत. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने शहरांतल्या काळ्या लोकांविषयीच्या कायद्यांची चौकशी करायला आयोग नेमला. त्याच्यापुढे मांडायचा पुरावा गोळा करण्याचं काम सुझमनबाईंकडे आलं आणि पासाचे कायदे त्यांनी पहिल्यांदा बारकाईने वाचले. काळ्या माणसाने शहरात कुठे राहावं, कुठे काम करावं, किती दिवस थांबावं, सगळं एका कागदावर. तो कागद खिशात नसला की तुरुंग.

1953 मध्ये युनायटेड पार्टी या मुख्य विरोधी पक्षाकडून त्या हाउटन मतदारसंघातून निवडून आल्या. पक्ष वंशभेदावर नरमच बोलायचा. 1959 मध्ये बारा खासदारांनी बाहेर पडून प्रोग्रेसिव्ह पार्टी काढली. दोन वर्षांनी निवडणूक झाली, अकरा पडले. सुझमनबाई तेवढ्या वाचल्या, 564 मतांनी. पुढची 13 वर्षं संसदेत त्यांचा पक्ष म्हणजे त्या एकट्या. काही वर्षं तर अख्ख्या सभागृहात बाई म्हणूनही एकट्याच.

(पडद्यावर: वर्तमानपत्रांची कात्रणं)

आता एकट्या खासदाराने करायचं काय? मतदानात हरायचं हे ठरलेलंच. पण प्रश्न विचारायला बहुमत लागत नाही. सुझमनबाईंनी ते हत्यार उचललं. पासाच्या कायद्याखाली यंदा किती जणांना पकडलं? किती जणांना फटके मारले? कोठडीत किती मेले, आणि कशाने? मंत्र्याला उत्तर द्यावं लागे आणि ते संसदेच्या वृत्तांतात छापलं जाई. तुरुंगांविषयी एरवी काही छापायचं तर संपादकाला खटल्याची भीती. संसदेत बोललेलं मात्र वर्तमानपत्रांना छापता येई. म्हणजे सरकारने झाकलेली माहिती सरकारच्याच तोंडून बाहेर यायची.

एकदा एक मंत्री चिडून म्हणाले, परदेशात देशाची लाज काढायला तुम्ही हे प्रश्न विचारता. बाई म्हणाल्या, “लाज माझ्या प्रश्नांनी जात नाही, तुमच्या उत्तरांनी जाते.”

जीभ तिखट होतीच. काळ्यांच्या वस्तीत एकदा जाऊन बघा, असं त्यांनी सत्ताधाऱ्यांना सुचवलं. आणि जाताना वेषांतर करा, माणसाचं!

समोरून येणारं मात्र विनोदी नव्हतं. “मॉस्कोला जा”, “इस्रायलला जा”, असं सभागृहातच ओरडलं जाई. घरी फोनवरून शिव्या येत. त्यावर बाईंचा इलाज साधा: फोनशेजारी शिट्टी ठेवलेली. शिव्या सुरू झाल्या की ती जोरात फुंकायची.

6 सप्टेंबर 1966 ला पंतप्रधान फेरवूर्त यांना भर सभागृहात संसदेच्याच एका शिपायाने भोसकलं. त्या गोंधळात संरक्षणमंत्री पी. डब्ल्यू. बोथा बोट नाचवत सुझमनबाईंवर ओरडले: हे तुम्हीच केलंत, तुम्ही उदारमतवाद्यांनी! बाईंनी सभापतींकडे तक्रार करून माफी मागायला लावली. पुढे हेच बोथा देशाचे प्रमुख झाले.

(पडद्यावर: समुद्र, दूरवर रॉबेन बेट)

1967. सुझमनबाई रॉबेन बेटावरचा तुरुंग पाहायला गेल्या. पहिल्याच कोठडीतल्या एडी डॅनियल्स यांनी सांगितलं, आमच्याशी बोलण्यात वेळ घालवू नका, रांगेच्या टोकाला मंडेला आहेत, ते आमचे नेते. मंडेलांनी तुरुंगाच्या अधिकाऱ्यांसमोरच तक्रारींची यादी वाचली: जेवण, कपडे, अभ्यासाची सोय. आणि एक रखवालदार, ज्याच्या अंगावर स्वस्तिक गोंदलेलं होतं. आपल्या उंबरठ्यावरचं नव्हे, हिटलरचं. हे गाऱ्हाणं ऐकणारी बाई ज्यू होती! लवकरच तो रखवालदार बेटावरून हलला.

सुझमनबाईंवर टीका झाली, आणि ती सगळी खोटी नव्हती. त्यांचा पक्ष सुरुवातीला सरसकट मताधिकार मागत नव्हता. शिक्षण, मिळकत अशा अटी होत्या. त्या अटी 1978 मध्ये गेल्या. ऐंशीच्या दशकात जग दक्षिण आफ्रिकेवर आर्थिक बहिष्कार घालत होतं, तेव्हा बाई विरोधात उभ्या राहिल्या. नोकऱ्या काळ्या कामगारांच्याच जातील, असं त्यांचं म्हणणं. मंडेलांच्या पक्षातल्या, म्हणजे आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या, अनेकांना ते अजिबात पटलं नाही. मला विचाराल तर इथे बाई चुकल्या. बहिष्काराचा दाब नसता तर बोथांचे वारसदार वाटाघाटींना एवढ्या लवकर बसले नसते. पण सर्वांना सोयीचं बोलणं हे त्यांना कधीच जमलं नाही, मित्रांच्या बाबतीतही नाही.

36 वर्षांनी, 1989 मध्ये, त्यांनी संसद सोडली. पुढच्या वर्षी मंडेला सुटले. 1994 ची पहिली सर्वांची निवडणूक ज्या निवडणूक आयोगाने घेतली, त्यात सुझमनबाई सदस्य होत्या. 10 डिसेंबर 1996 ला शार्पव्हिलमध्ये, जिथे 1960 साली पोलिसांनी 69 माणसं गोळ्या घालून मारली होती, राष्ट्राध्यक्ष मंडेलांनी नव्या राज्यघटनेवर सही केली. सुझमनबाई तिथे हजर होत्या.

1 जानेवारी 2009 ला त्या गेल्या. वय 91.

(पडद्यावर: हाउटनचे झाडांनी झाकलेले रस्ते)

मंडेला उतारवयात राहायला आले ते याच हाउटनमध्ये. 1961 साली इथे सुझमनबाईंना निवडून देणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव असणं कायद्यानेच शक्य नव्हतं.