सिगरेट सोडली, पण फरक कधी दिसणार?

नमस्कार मंडळी! मागे दिसतोय तो येऊरचा डोंगर, आणि मी उभा आहे ठाण्यातल्या उपवन तलावाच्या काठावर. आजचा व्हिडिओ ज्यांनी सिगरेट सोडलीय त्यांच्यासाठी. महिना-दोन महिने झालेत आणि डोक्यात एकच चाललंय, "काय मिळालं? खोकला वाढला, वजन वाढलं, घरी सगळ्यांवर खेकसतोय!"

खोटं नाही ते. श्वासनलिकेत बारीक लव असते, धुराने ती निपचित पडते. सोडल्यावर ती पुन्हा कामाला लागते, साचलेला कफ वर ढकलते, म्हणून काहींचा खोकला सुरुवातीला वाढतो. वजनही वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतं. पण खरी कमाई नंतरची आहे, आणि ती आरशात दिसत नाही.

हृदयापासून सुरू करू. सिगरेटमुळे हृदयविकाराचा जो जादा धोका अंगावर घेतला होता, तो वर्षभरात साधारण निम्म्यावर येतो. पंधरा वर्षांनी तो कधीच न ओढणाऱ्याच्या जवळपास पोचतो. फुफ्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचा धोका दहा वर्षांनी, ओढत राहिलेल्याच्या मानाने, निम्मा होतो. निम्मा म्हणजे शून्य नाही, हेही ऐकून ठेवा.

फुफ्फुसाचा हिशोब जरा वेगळा. तिशीनंतर फुंकर मारायची ताकद, म्हणजे एका सेकंदात जोरात बाहेर टाकता येणारी हवा, प्रत्येकाचीच दरवर्षी थोडी कमी होते. अमेरिका आणि कॅनडात, ज्यांच्या श्वासनलिका आधीच थोड्या खराब झाल्या होत्या अशा लोकांना अकरा वर्षं तपासलं. सोडलेल्या पुरुषांची घट वर्षाला साधारण ३० मिलीलिटर, ओढत राहिलेल्यांची ६० च्या वर. टाकीची गळती बंद झाली, पण वाहून गेलेलं पाणी परत येत नाही, असं समजा. म्हणूनच वर येऊरच्या चढावर दम लागला की "सोडून काही उपयोग नाही" म्हणू नका. न सोडता अजून दहा वर्षांनी हाच चढ कसा लागला असता, त्याच्याशी तुलना करा.

आता वयाचं. "पन्नाशी उलटली, आता सोडून काय करू?" हे मी ठाण्यात प्रत्येक सोसायटीच्या कट्ट्यावर ऐकलंय. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच पत्रं पाठवून विचारलं, तुम्ही किती ओढता? पुढे पन्नास वर्षं त्यांचा माग ठेवला गेला. २००४ मध्ये निष्कर्ष आला: आयुष्यभर ओढणारा सरासरी दहा वर्षं आधी जातो. साठीला सोडली तर त्यातली तीन वर्षं परत मिळतात, पन्नाशीला सहा, चाळिशीला नऊ, तिशीला जवळजवळ सगळी. डॉल स्वतः ओढायचे. सुरुवातीच्या संशोधनाचे आकडे हातात येऊ लागले तशी त्यांनी सोडली. ९२ वर्षं जगले.

आणि ते "कमी केलीय" वाले! ऐरोलीत कुठल्याही आयटी पार्कबाहेरची टपरी बघा. कटिंग, दोरीला लटकवलेला लायटर आणि "दिवसाला एकच घेतो रे". वीसच्या जागी एक, म्हणजे धोका वीस पटीने कमी, असं वाटतं ना? कॅन्सरच्या बाबतीत कमी ओढण्याचा थोडाफार फायदा होतो. हृदयाच्या बाबतीत मात्र रोजच्या एका सिगरेटमध्येही वीस सिगरेटींच्या जादा धोक्याचा जवळपास निम्मा वाटा असतो. इथे आकडा कमी करून भागत नाही, तो शून्यावरच न्यावा लागतो.

"पण टेन्शन जातं हो तिने!" जातं, कारण निकोटीन उतरल्यावर येणारी तगमग तीच सिगरेट शमवते. सोडून काही आठवडे काढलेल्यांची चिंता आणि उदासी सरासरीने कमीच झालेली आढळलीय.

पैशांचं एका वाक्यात: वीस रुपयांची एक धरली आणि दिवसाला पाच, तर वर्षाला ३६,५०० रुपये.

सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा टोल-फ्री नंबर आहे, सरकारी. तो पाकिटावरच छापलेला असतो. गंमत अशी की टपरीवरून सुट्टी सिगरेट घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतच नाही. महाराष्ट्रात २०२० पासून सुट्ट्या विक्रीवर बंदी आहे, ती कितपत पाळली जाते ते तुम्ही रोज बघताच.

तलफ भागवायला निकोटीन गम घेणार असाल तर तो च्युइंगगमसारखा सतत चघळू नका, उचकी लागते, मळमळतं. थोडा चावायचा, जिभेला झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, झिणझिण्या गेल्या की परत चावायचा. हार्ट पेशंट किंवा गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि गमऐवजी मशेरी किंवा गुटख्यावर गेलात, तर कॅन्सरने फक्त तोंडाचा रस्ता धरला म्हणायचं.

सोडून किती वर्षं झाली आणि पहिला फरक कशात जाणवला, खाली कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत सोडल्यावर वाढणाऱ्या वजनाचं काय करायचं ते बघू.